हिवाळ्यात क्रोएशियाचा किनारा: थंडीची नव्हे, बोटींची चौकशी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या शेवटी दहा दिवसांची सुट्टी मिळतेय, बरोबर पासष्टीच्या पुढचे आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी. बेत स्प्लिट, ह्वार आणि दुब्रोव्हनिकचा. हॉटेलं उन्हाळ्याच्या निम्म्या भावात दिसतायत, ह्वारच्या दोन रात्री तर तुम्ही घेऊनही टाकल्यात. तर थंडी कितपत असेल, आणि या दिवसांत जावं का?

या, असंच मी म्हणेन. फक्त तीच सहल निम्म्या पैशात मिळतेय असं समजून येऊ नका, मिळते ती सहलच वेगळी असते. मी स्प्लिटमध्ये राहते आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबांचे इथले बेत आखून देणं हेच माझं काम आहे. हिवाळ्यात इथून हिरमुसून परतलेली माणसं मी पाहिली आहेत, पण थंडीने हिरमुसलेलं क्वचितच कोणी. ती वैतागली होती बंद दारांनी आणि न सुटलेल्या बोटींनी.

थंडीचं आधी उरकून टाकते. जानेवारीत स्प्लिट-दुब्रोव्हनिकला दुपारी १० ते १२ अंश आणि पहाटे ५-६ अंश, असं साधारण असतं. किनाऱ्यावर बर्फ पडला तर ती बातमी होते. वारा अडवणारं जाकीट, आत एक लोकरी थर आणि कान झाकणारी टोपी असली की आई-बाबांचं छान भागेल. त्यामुळे विचारायचं ते हे: त्या दिवसांत उघडं काय असतं, एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं कसं, आणि उजेडाचे तास हातात किती.

आपली गफलत होते ती कोकणामुळे. समुद्र आणि डिसेंबर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऐन हंगाम येतो. एड्रियाटिक समुद्राच्या या किनाऱ्याचा हंगाम जुलै-ऑगस्टचा, आणि इथला हिवाळा म्हणजे कोकणातला आषाढ-श्रावण समजा. पाऊस याच दिवसांत, वारा याच दिवसांत. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद ठेवतात तशा इथल्याही अनेक बोटी बंद, आणि पाहुण्यांवर चालणारी घरं कुलपात. श्रावणात कोकणात जाणारा माणूस पोहायला जात नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. तेवढं इथेही धरून चला.

आता वारा. हिवाळ्यात इथे दिवस कसा जाणार हे थर्मामीटर नाही, वारा ठरवतो, आणि दोन वारे ओळखून असलेले बरे. युगो आग्नेयेकडून येतो. दमट, जरा ऊबदार, ढग आणि पाऊस घेऊन येणारा, समुद्रात मोठ्या लाटा उठवणारा. तो एकदा लागला की दोन-तीन दिवस हलत नाही आणि माणसं चिडचिडी होतात. जुन्या दुब्रोव्हनिक प्रजासत्ताकात युगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत, असं इथे आवडीने सांगतात. खरं-खोटं राहू दे, पण माझे शेजारी अजूनही डोकेदुखीचा दोष युगोलाच देतात.

बुरा याच्या अगदी उलट. ईशान्येकडच्या डोंगरावरून खाली कोसळणारा, कोरडा आणि बोचरा. तो सलग वाहत नाही, झोताझोताने येतो. एक क्षण सगळं शांत, आणि पुढच्या क्षणी हातातली छत्री उलटी. वेलेबिट डोंगराखाली मास्लेनित्साच्या पुलाजवळ ताशी २०० किलोमीटरच्या पुढचे झोत नोंदले गेले आहेत, आणि जोराचा बुरा सुटला की राजधानी झाग्रेबहून स्प्लिटकडे येणाऱ्या महामार्गाचा तो टप्पा बंद ठेवतात. पण बुरा आभाळ धुऊन काढतो. तो पडला की दुसऱ्या दिवशी समोरच्या ब्राच बेटावरची घरं मोजता येतील इतकी हवा स्वच्छ असते. स्प्लिटच्या रिवावर, म्हणजे बंदरालगतच्या रुंद फरसबंदीवर, माणसं जाकीट खुर्चीच्या पाठीला अडकवून उन्हात कॉफी घेत तासन् तास बसतात. हिवाळ्यात या किनाऱ्यावर यायचं ते असल्या दिवसांसाठी. ते मिळतात, फक्त आधी तारीख ठरवून मिळत नाहीत. म्हणून दहा दिवसांचं तासातासाचं वेळापत्रक बांधू नका. रोज रात्री क्रोएशियाच्या हवामान खात्याचा अंदाज बघायचा, ऊन असेल तर बेट किंवा किल्ला, युगो असेल तर स्प्लिटच्या रोमन राजवाड्याची तळघरं आणि संग्रहालयं.

युगोमुळे आणखी एक गोष्ट होते, आणि तिच्याबद्दल ज्येष्ठांना कोणी सावध करत नाही. पाऊस पडलेला नसतानाही सगळी गल्ली ओली दिसते, कारण दमट हवा गार दगडावर बसते. स्प्लिटच्या राजवाड्यातली आणि दुब्रोव्हनिकच्या स्त्रादुन या मुख्य रस्त्यावरची फरशी चुनखडीची आहे, शतकानुशतकं पावलांनी घासून तुळतुळीत झालेली. ती ओली झाली की गुळगुळीत तळव्याच्या बुटांनी उभं राहणंही अवघड. आई-बाबांना रबरी, खोल खाचांच्या तळव्याचे बूट घ्या. जाकिटावर थोडे कमी खर्च झाले तरी चालतील, बुटांवर नकोत.

बोटींचं गणित असं. बेटांवरही माणसं राहतात, त्यांना दवाखाने, शाळा, बाजार आहेत, म्हणून मुख्य फेऱ्या बारमाही चालतात. स्प्लिटहून ब्राचच्या सुपेतारला गाड्या नेणारी मोठी फेरीबोट दिवसातून अनेकदा सुटते आणि पन्नास मिनिटांत पोचते. ह्वार बेटावरच्या स्तारी ग्रादला जाणारी सुमारे दोन तास घेते. ह्वार गावाला थेट जाणारी कॅटामरान, म्हणजे फक्त माणसं नेणारी वेगवान बोटही हिवाळ्यात असते, पण मोजक्या वेळांना. बंद होतात त्या पर्यटकांसाठीच्या फेऱ्या. स्प्लिट, ह्वार, कोर्चुला, दुब्रोव्हनिक अशी माळ ओवत जाणारी जी कॅटामरान तुम्ही कुणाच्या तरी प्रवासवर्णनात वाचली असेल, ती उन्हाळी आहे. म्हणजे 'ह्वारवरून बोटीने तसेच पुढे दुब्रोव्हनिक' हे या दिवसांत होत नाही. ह्वारवरून परत स्प्लिट, आणि तिथून रस्त्याने दुब्रोव्हनिक. वेळापत्रक बघताना हिवाळ्याचं वेगळं पान असतं, तेच बघा. शोधल्यावर आधी समोर येतं ते बहुतेकदा उन्हाळ्याचं. आणि जोराच्या वाऱ्यात कॅटामरान आधी रद्द होते, मोठी फेरीबोट बऱ्याचदा तग धरते. बिशेवो बेटावरच्या निळ्या गुहेसारख्या सहली तर विसराच.

यातूनच मुक्काम कुठे करायचा याचं उत्तर निघतं. हिवाळ्यात पर्यटनाचं गाव नाही, माणसांचं गाव निवडा. स्प्लिट हे सुमारे १ लाख ६० हजार वस्तीचं शहर आहे. इथे पाहुणे असोत-नसोत, सकाळी भाजीबाजार भरतो, मासळीबाजारात गलका असतो, शाळा सुटल्यावर पोरं राजवाड्याच्या भिंतीवर चेंडू आपटतात. सम्राट डायोक्लेशियनने निवृत्तीसाठी बांधलेला हा राजवाडा, इसवी सन ३०५ च्या सुमाराचा, आणि आत अजून लोक राहतात. उन्हाळ्यात गर्दीमुळे ते जाणवतच नाही. हिवाळ्यात दोन रोमन खांबांच्या मध्ये वाळत घातलेले कपडे दिसतात, वरच्या खिडकीतून कांदा परतल्याचा वास येतो. ह्वार गावाचं उलट आहे. नोव्हेंबर ते ईस्टर बहुतेक हॉटेलं बंद, धक्क्यावरच्या खुर्च्या एकावर एक रचून साखळीने बांधलेल्या. ज्यांना एकांतच हवा आहे त्यांना तेही आवडतं. आठ वर्षांच्या मुलीला नाही आवडणार.

त्यामुळे तुमच्या कुटुंबासाठी मी स्प्लिटला पाच-सहा रात्री ठेवीन आणि तिथूनच दिवसभराच्या फेऱ्या करीन. त्रोगिर हे जुनं गाव शहरबसनेही गाठता येतं. शिबेनिकला दगडी घुमटाचं सेंट जेम्स कॅथेड्रल आहे, आणि जवळच क्रका नदीचे धबधबे. हिवाळ्यात त्यांना भरपूर पाणी असतं आणि तिकीट उन्हाळ्याच्या मानाने बरंच स्वस्त. स्प्लिटच्या वरच्या डोंगरातला क्लिसचा किल्ला बुरा पडल्याच्या दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवा. मुलीला समुद्र हवाच असेल तर स्प्लिटमध्येच बाचवित्सेची उथळ पुळण आहे. तिथे पिसिगिन नावाचा खेळ चालतो: घोट्याएवढ्या पाण्यात गोलात उभं राहून एक छोटा चेंडू तळहाताने उडवत ठेवायचा, पाण्यात पडू द्यायचा नाही. आजोबा मंडळी चड्डीवर, ऐन हिवाळ्यात, सूर मारून चेंडू वाचवतात. १ जानेवारीला तर तो खेळायचा रिवाजच आहे आणि बघ्यांची गर्दी होते. मुलगी वर्षभर सांगत राहील.

तारखांपैकी मला विचाराल तर डिसेंबरचा शेवट ते ६ जानेवारी. नोव्हेंबर-डिसेंबर इथले सर्वांत पावसाळी महिने, हे खरं. पण नाताळचा बाजार, दिवे, संगीत यांमुळे स्प्लिट आणि दुब्रोव्हनिक दोन्ही जागी असतात आणि खाण्याच्या जागा उघड्या असतात. ६ जानेवारीची सुट्टी संपली की दारादारांवर 'वार्षिक रजा'चे कागद चिकटतात, मालक स्वतः फिरायला जातात, आणि महिनाअखेरपर्यंत सगळं सुस्त. भाव तेव्हा आणखी उतरतात, पण उतरलेल्या भावात जेवायला जागा शोधत फिरायचं. उशिराच यायचं असेल तर थोडं आणखी थांबून ३ फेब्रुवारी धरा. तो दुब्रोव्हनिकच्या संत व्लाहोचा उत्सव. परंपरा त्याची सुरुवात ९७२ सालापर्यंत मागे नेते, आणि २००९ मध्ये तो युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. गावोगावचे लोक आपापले झेंडे घेऊन पारंपरिक वेशात शहरात येतात. त्या दिवशी दुब्रोव्हनिक पाहुण्यांचं नाही, दुब्रोव्हनिककरांचं असतं. २५, २६ डिसेंबर आणि १ जानेवारीला मात्र जवळपास सगळं बंद, त्या दिवसांचा शिधा आदल्या दिवशी घेऊन ठेवा. रविवारचंही तसंच: २०२३ च्या जुलैपासून इथल्या दुकानांना वर्षातले १६ रविवारच उघडं राहता येतं.

दिवस किती छोटा असतो याचा अंदाज लोकांना येत नाही. डिसेंबरअखेर स्प्लिटला सूर्य उगवतो साडेसातच्या सुमारास आणि मावळतो साडेचारच्या आत. नऊच्या न्याहारीनंतर दहाला बाहेर पडलात तर उजेडाचे सहा तास. दिवसाला एक मोठी गोष्ट, बस्स.

आता जिथे पैसे वाचल्यासारखे वाटतात पण वाचत नाहीत, ती जागा: घर. हॉटेलं कमी चालू असल्याने बरेच जण अपार्टमेंट घेतात. जुन्या गावातली बहुतेक अपार्टमेंट उन्हाळ्यासाठी सजवलेली आहेत. जाड दगडी भिंती, फरशी उघडी, गल्ली इतकी अरुंद की हिवाळ्यात ऊन आत येतच नाही, आणि उबेसाठी भिंतीवर एकच एसी. तो बैठकीची खोली गरम करतो. झोपायच्या खोलीत बिछाना दमट लागतो, न्हाणीघरात थंडीने तोंडातून वाफ निघते. फोटोत यातलं काही दिसत नाही. म्हणून घरमालकाला थेट विचारा: प्रत्येक खोलीत उबेची सोय आहे का, न्हाणीघरात आहे का, घर तळमजल्यावर आहे का, खिडक्या दक्षिणेला आहेत का, आणि गेल्या महिन्यात कोणी राहिलं होतं का. शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा, कारण ऑक्टोबरपासून बंद असलेलं दगडी घर तापायला दोन-तीन दिवस घेतं, तोवर तुम्ही निघालेले असता. उत्तर आडवळणाने आलं तर दुसरं घर बघा. मी ज्येष्ठ बरोबर असलेल्यांना जुन्या भिंतींच्या बाहेर, दहा-पंधरा मिनिटांवरच्या नव्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, लिफ्ट असलेलं घर सुचवते. सौंदर्य जरा कमी, पण आई-बाबांची झोप नीट होते.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण शाकाहारी असाल तर हिवाळा उलट बरा. बाजारात चार्डची हिरवीगार पालेभाजी असते, ती बटाट्याबरोबर लसूण आणि ऑलिव्ह तेलात करतात. नेरेत्वा खोऱ्यातली संत्र्यासारखी मँडरिन्स आलेली असतात, नवं ऑलिव्ह तेल आलेलं असतं. आणि सोपार्निक जरूर शोधा: ओमिशच्या बाजूच्या पोल्यित्सा भागातली, दोन पातळ पोळ्यांच्या मध्ये चार्ड-कांदा भरून निखाऱ्यात भाजलेली भाकरी, वरून लसूण आणि तेल. आजी लोक ती चौकोनी तुकडे करून बाजारात विकतात. तिच्यात मांस-मासे नसतातच.

व्हिसाबद्दल नीट वाचा, कारण इथे चूक झाली तर निस्तरणं कठीण. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, चलनही युरो. पण स्प्लिट आणि दुब्रोव्हनिकच्या मध्ये बोस्नियाचा एक चिंचोळा पट्टा, नेउम, समुद्रापर्यंत आलेला आहे. तिथून गेलात तर शेंगेनबाहेर पडून परत आत यावं लागतं, आणि तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तो तिथेच संपतो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा सुमारे २.४ किलोमीटरचा पूल सुरू झाल्यापासून हा पट्टा पूर्ण टाळता येतो. भाड्याची गाडी असेल तर नकाशा पुलावरूनच नेतोय ना ते बघा. बस असेल तर ती पुलावरून जाते की नेउममार्गे, हे तिकीट काढण्याआधी विचारा, कारण दोन्ही प्रकारच्या बस आहेत. बोस्नियातलं मोस्तार किंवा मॉन्टेनेग्रोतलं कोतोर मनात असेल तर अनेक प्रवेशांचाच व्हिसा मागा. गाडी घेणार असाल तर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल ठरावीक रस्त्यांवर हिवाळी टायर सक्तीचे असतात, हेही गाडीवाल्याकडून लेखी घ्या. किनाऱ्यावर त्यांची गरज वाटणार नाही, पण झाग्रेबच्या रस्त्यावर वाटेल: स्वेती रोकच्या साडेपाच किलोमीटरहून लांब बोगद्याच्या एका तोंडाला बर्फ आणि धुकं असतं, आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर आलात की खाली ऊन आणि समुद्र.

दुब्रोव्हनिकला तीन रात्री पुरे. हिवाळ्यातली तटबंदीवरची फेरी, १,९४० मीटरची, मला उन्हाळ्यातल्या फेरीपेक्षा कितीतरी जास्त आवडते. सावली शोधत धावावं लागत नाही, कोणी मागून ढकलत नाही. पण तट दुपारी ३ च्या सुमारास बंद होतो आणि पायऱ्या खूप आहेत, बाबांच्या गुडघ्यांचा विचार करून अर्ध्यात उतरायची तयारी ठेवा. सर्ज डोंगरावरची रोपवे वाऱ्यात थांबते आणि हिवाळ्यात काही आठवडे देखभालीसाठी बंदही असते. लोक्रुम बेटावर बोटी जात नाहीत. संध्याकाळी जुन्या गावात फिरताना वर बघा, खिडक्या बहुतेक अंधाऱ्या असतात. घरं पाहुण्यांना भाड्याने दिलेली, माणसं भिंतीबाहेर राहायला गेलेली. काहींना ही शांतता भावते, काहींना खायला उठते. म्हणूनच मी मुख्य मुक्काम तिथे ठेवत नाही.

परतीचं विमान दुब्रोव्हनिकहून झाग्रेबमार्गे घेणार असाल तर झाग्रेबला एक रात्र मध्ये ठेवा. बुरामुळे दुब्रोव्हनिकचं विमान रद्द होणं किंवा दुसरीकडे वळवणं हिवाळ्यात नवलाचं नाही, आणि भारताचं विमान तुमच्यासाठी थांबणार नाही.

राहिल्या ह्वारच्या दोन रात्री. पैसे परत मिळत असतील तर रद्द करा आणि त्याऐवजी एका उन्हाच्या दिवशी सकाळच्या फेरीबोटीने सुपेतारला जाऊन संध्याकाळी परत या. मुलीला बोटही मिळेल, बेटही. मिळत नसतील तर त्या रात्री सहलीच्या मधोमध सरकवा, विमानाच्या आदल्या दिवशी अजिबात नकोत. कॅटामरानऐवजी स्तारी ग्रादची मोठी फेरीबोट धरा आणि धक्क्यावरून ह्वार गावात जाणारी बस त्या फेरीला जोडून आहे ना ते बघून ठेवा. आणि मालकाला आजच फोन करून विचारा की त्या दोन रात्री गावात जेवायला नक्की कोणतं दार उघडं असेल. एकही नाव सांगता आलं नाही, तर डाळ-तांदूळ बॅगेत टाका आणि स्वयंपाकघर असलेलीच खोली मागून घ्या.